पटकथेचा कागद आणि कराराचा कागद : कोल्हापुरातून चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांशी थोडे बोलायचे आहे

फुलेवाडीकर

गेली चौदा वर्षे मी कोल्हापुरात राहून चित्रपटांसाठी लिहितो आहे. या काळात नव्या मंडळींच्या बऱ्याच संहिता वाचायला मिळाल्या आणि त्यांतल्या बहुतेकांत मला एकच उणीव दिसली. त्यांत संवाद होते, पटकथा नव्हती. त्याच मंडळींशी व्यवहाराचे बोलणे निघाले की कळायचे, निर्मात्याने शब्द दिलेला आहे, कागद मात्र झालेला नाही. या दोन्ही उणिवांचे मूळ एकच आहे असे माझे मत बनले आहे. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्या माणसाला मान असतो. तालमीच्या कट्ट्यावर किंवा रंकाळ्याच्या काठावर बसून गोष्ट रंगवली आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली की आपल्याला अर्धा चित्रपट झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात काम तिथून सुरू होते आणि ते कागदावर करावे लागते.

खरे तर आपल्या गावाला हे नव्याने सांगावे लागू नये. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली आला आणि 'सावकारी पाश' १९२५ साली. प्रभात कंपनी १९२९ साली इथेच उभी राहिली, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट तिने इथेच केला आणि १९३३ साली ती पुण्याला गेली. म्हणजे पात्रांना आवाज मिळण्यापूर्वी बारा वर्षे या गावातली माणसे चित्रपटातून गोष्ट सांगत होती. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झालेल्या शेतकऱ्याची गोष्ट त्यांनी मधल्या चार-दोन मजकुराच्या पाट्यांच्या आधाराने, केवळ दृश्यांतून लोकांना समजावली. आज ध्वनीची सगळी साधने हाताशी असताना आपले पात्र दारात उभे राहून 'माझी जमीन गेली हो' असे सांगते, हे मला मनापासून खटकते.

एक उदाहरण माझ्याच वहीतले देतो. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरचा प्रसंग होता. गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, म्हणून चाळीस वर्षे काम केलेला बाप वारला आहे, पुण्याहून परतलेला मुलगा त्याच्या जागी उभा आहे आणि हंगामातली पहिली काहिल, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, चुलवाणावर चढली आहे. पहिल्या खर्ड्यात मी यावर अडीच पाने संवाद लिहिले होते. मजूर म्हणतात, 'आबा असते तर नुसत्या वासावरनं सांगितलं असतं.' मुलगा म्हणतो, 'मला जमेल का?' चुलता धीर देतो. लिहिताना डोळ्यांत पाणी आले होते, त्यामुळे प्रसंग उत्तम झाला आहे अशी माझी खात्री होती.

माझ्या दिग्दर्शकाने तो वाचून एवढेच विचारले, की गुळव्या नेमके काय करतो? मी दुसऱ्या दिवशी पहाटे गुऱ्हाळावर जाऊन बसलो. रस उकळून घट्ट होत आला की गुळव्या पळीभर पाक थंड पाण्याच्या भांड्यात सोडतो आणि पाण्यातच बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो. गोळी वळली नाही तर अजून वेळ आहे. वळली तर काहिल त्याच क्षणी उतरवावी लागते, कारण थोडा उशीर झाला तरी गूळ बिघडतो. त्या क्षणी सगळ्यांचे डोळे त्याच्या बोटांकडे असतात आणि कोणीही बोलत नाही.

दुसऱ्या खर्ड्यात तो प्रसंग असा झाला. मुलगा पाक पाण्यात सोडतो, बोटे बुडवतो, पाक विरघळतो. चिपाड घालणारा मजूर हात थांबवून पाहतो. मुलगा पुन्हा पळी भरतो. या वेळी गोळी वळते, पण तो काही बोलत नाही, कारण त्याला स्वतःचाच भरवसा नाही. तो भांडे चुलत्यापुढे धरतो. चुलता भांड्यात न पाहता मजुरांना काहिल उतरवायची खूण करतो. पाऊण पान, संवाद शून्य. बापाचे नाव कोणी घेतले नाही, तरी तो त्या प्रसंगात आहे. मी पटकथा म्हणतो ती याला.

आता व्यवहाराचे. सहा-सात वर्षांपूर्वी एका निर्मात्याने माझी एक गोष्ट ऐकली. स्टेशन रोडवरच्या एका लॉजच्या खोलीत मी ती दोन तास सांगितली. त्यांना आवडली, आणखी दोघांना ऐकवायला लावली. अकरा हजार रुपये टोकन म्हणून हातात दिले आणि 'कागद नंतर करू' असे सांगितले. मी चार खर्डे लिहिले. चित्रपट झाला, तेव्हा पडद्यावर पटकथेपुढे दुसरेच नाव होते आणि शेवटच्या पाट्यांत 'संवाद साहाय्य' म्हणून माझे. माझ्याकडे दाखवायला एकही सही नव्हती. पहिले दोन खर्डे हातांनी लिहून त्यांच्याच माणसाकडे दिलेले होते, त्यांची झेरॉक्ससुद्धा मी काढली नव्हती. त्या माणसांवर राग आहेच, पण ज्या हलगर्जीपणाने मी माझ्याच कामाकडे पाहिले त्याचे दुःख जास्त आहे. आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून या संकेतस्थळावर हा चर्चेचा धागा काढला आहे. जाणकारांनी आपापले अनुभव लिहावेत.

रंकाळ्याकाठी

आपला गुऱ्हाळाचा प्रसंग वाचून फार बरे वाटले, परंतु एका मुद्द्यावर माझा विरोध नोंदवतो. मी नाटकाकडून इकडे आलो आहे. केशवराव भोसले नाट्यगृहात प्रेक्षक एका वाक्यावर कसा उसळतो हे मी विंगेत उभा राहून पाहिले आहे. आपल्या भागाची बोली हीच आपली ताकद आहे. संवाद कमी करा, कमी करा असे म्हणत गेलो तर कोल्हापूरच्या चित्रपटात कोल्हापूर उरणार नाही. शिवाय मराठी चित्रपटाला ग. दि. माडगूळकर, शंकर पाटील यांच्यासारखे लेखक लाभले, ज्यांच्या शब्दांसाठी लोक तिकीट काढत.

फुलेवाडीकर

आपला मुद्दा मान्य आहे आणि मी संवादांच्या विरुद्ध नाही. जे दिसू शकते ते बोलून दाखवू नये, इतकेच माझे म्हणणे आहे. बोलीबद्दल मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'व्हय' आणि 'नव्हं' सगळीकडे पेरले म्हणजे कोल्हापूरची बोली होत नाही. गडहिंग्लजकडचा माणूस बोलताना कन्नडचा हेल घेतो, चंदगडचा माणूस कोकणीकडे झुकतो, इचलकरंजीतल्या जुन्या विणकरांच्या घरात दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात आणि कोल्हापूर शहरातली शिक्षिका शाळेत एक व घरी दुसरी भाषा बोलते. नाटकातला प्रेक्षक दूर बसलेला असतो, म्हणून तिथे शब्दाला सगळा भार उचलावा लागतो. कॅमेरा तर पात्राच्या हातभर अंतरावर असतो. तिथे 'जेवलास काय?' एवढ्या प्रश्नात भांडण मिटल्याचे कळू शकते. अट एकच, की आधीचे भांडण आपण नीट दाखवलेले असले पाहिजे. आपण नावे घेतलेले लेखक शब्दांचे मोठे होते हे खरेच, पण शब्द कुठे थांबवायचा हेही त्यांना ठाऊक होते.

संकलन टेबल

मी संकलक आहे, त्यामुळे लेखकाने लिहिलेले आणि दिग्दर्शकाने चित्रित केलेले असे दोन्ही शेवटी माझ्यापुढे येते. लिहिणाऱ्यांनी एकदा तरी संकलकाच्या शेजारी दिवसभर बसावे अशी माझी विनंती आहे. बहुतेक प्रसंगांची सुरुवात आणि शेवट आम्ही कापतो. पात्र गाडीवरून उतरते, फाटक उघडते, चप्पल काढते, 'या बसा' होते, चहा येतो आणि मग मूळ गोष्ट सुरू होते. यातले पहिले सगळे चित्रित करायला अर्धा दिवस गेलेला असतो आणि संकलनात ते दहा मिनिटांत जाते. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोणीतरी भरलेले असतात.

एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा हिशेब सगळे सांगतात. तो ठरावीक मांडणीत टाइप केलेल्या पानासाठी आहे. आपल्याकडे अजूनही काही जण डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद अशा दोन रकान्यांत लिहितात, काही जण हातांनी वहीत लिहितात, तिथे हा हिशेब चालत नाही. माझा सल्ला असा, की आपला खर्डा घड्याळ लावून मोठ्याने वाचावा आणि संवाद नसलेल्या जागी डोळे मिटून ती कृती मनात पूर्ण होऊ द्यावी. फुलेवाडीकरांचे पाऊण पान पडद्यावर दोन मिनिटांच्या खाली जाणार नाही, कारण उकळत्या काहिलीला घाई करता येत नाही.

पहिला खर्डा

मी इचलकरंजीची आहे, सध्या कोल्हापुरात शिकते. धागा फार उपयोगी आहे. दादा, माझे दोन प्रश्न आहेत. मांडणी नेमकी कशी असावी आणि ती देवनागरीत करावी की रोमनमध्ये? दुसरे, मी माझ्या घरावर एक गोष्ट लिहिते आहे. आमच्याकडे आठ यंत्रमाग होते, ते गेल्या वर्षी विकावे लागले. त्यातला मुख्य प्रसंग असा लिहिला आहे, की जेवताना आई वडिलांना म्हणते, 'माग गेले आणि घर सुनंसुनं झालं बघा.' वडील गप्प राहतात. मला तो प्रसंग पोकळ वाटतो आहे, पण का ते कळत नाही.

फुलेवाडीकर

मांडणीचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर क्रमांक, आत की बाहेर, ठिकाण आणि वेळ. त्याखाली वर्तमानकाळात, छोट्या परिच्छेदांत काय दिसते आणि काय ऐकू येते ते. मग मध्यभागी पात्राचे नाव आणि त्याखाली संवाद. मराठी चित्रपटासाठी देवनागरी युनिकोडमध्येच लिहा, कारण नट, सहायक, ध्वनिमुद्रक सगळे तेच वाचणार आहेत. त्याआधी वन-लाइन करा, म्हणजे प्रत्येक दृश्य एका वाक्यात. दोन तासांच्या चित्रपटात साठ ते नव्वद दृश्ये सहज होतात, ती सगळी भिंतीवर किंवा जमिनीवर पसरून पाहिल्याशिवाय मी स्वतः पहिला संवाद लिहीत नाही. सॉफ्टवेअर कोणते हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

तुमच्या प्रसंगाबद्दल उत्तर देण्याऐवजी एक प्रश्न विचारतो. माग चालू होते तेव्हा तुमच्या घरात कोण कसे बोलायचे?

कागदोपत्री

मी वकिली करतो आणि लेखकांचे काही करार पाहिले आहेत, त्यामुळे व्यवहाराच्या भागावर लिहितो.

आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या कायद्यानुसार, कल्पनेला संरक्षण नसते, तिच्या मांडणीला असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केले. नाटककाराचे म्हणणे होते की आपल्या नाटकावरून चित्रपट केला गेला. न्यायालयाने सांगितले की विषय, कल्पना, कथासूत्र यांवर कोणाची मालकी नसते, आणि नाटककार हरला. म्हणून लॉजच्या खोलीत दोन तास सांगितलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने फार दुबळी असते आणि तीच गोष्ट शंभर पानांत दृश्यवार लिहिलेली असेल तर पुष्कळ भक्कम असते. मात्र विश्वासाने सांगितलेली गोष्ट परस्पर वापरली म्हणून दाद मागता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली एका दूरचित्रवाणी मालिकेच्या संकल्पनेबाबत तसे संरक्षण दिले होते. त्यासाठी कोणाला, कधी आणि काय सांगितले याचा पुरावा लागतो. नॅरेशन झाल्यावर त्याच संध्याकाळी 'आज आपणांस अमुक कथा ऐकवली, सारांश सोबत जोडला आहे' असा दोन ओळींचा ईमेल पाठवणे हे त्याचे सर्वांत सोपे साधन आहे.

मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन संहितेची ऑनलाइन नोंदणी करता येते, त्यासाठी कोल्हापूर सोडावे लागत नाही. या नोंदणीमुळे अमुक तारखेला अमुक मजकूर तुमच्याकडे होता हे सिद्ध करायला मदत होते. तेवढ्याने मालकी सिद्ध झाली असा मात्र गैरसमज नको. प्रत्येक महत्त्वाच्या खर्ड्याची वेगळी नोंद करावी.

करारात काय पाहावे? कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते धरले जाते. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास ते संपुष्टात येतात. त्यामुळे निर्मात्यांच्या करारात 'कायमचे, संपूर्ण विश्वात आणि सर्व माध्यमांत' असे शब्द हटकून असतात आणि एका वर्षाची तरतूद लागू नाही असेही लिहिलेले असते. त्या ओळींवर बोट ठेवून बोलावे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा वाचवला आहे. तो हक्क सोडल्याचे लिहून घेता येत नाही. आणि कलम ५७ नुसार, हक्क विकल्यानंतरही त्या लेखनाचे कर्ते आपण आहोत असे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

शेड्यूलवाला

मी निर्मितीच्या बाजूला काम करतो. मोरेवाडीच्या चित्रनगरीत, पन्हाळ्यावर, नदीकाठच्या गावांत शेड्यूल लावतो. वरील सर्व माहिती योग्य आहे, पण व्यवहारातली अडचणही सांगितली पाहिजे. आपल्या भागात पहिला चित्रपट करणारा निर्माता बहुधा बांधकामातला, साखर-गुळाच्या व्यापारातला किंवा शेतीतला असतो. त्याने आयुष्यभर शब्दावर लाखोंचे व्यवहार केलेले असतात. त्याच्यापुढे चौदा पानांचा इंग्रजी करार ठेवला की तो घाबरतो आणि 'लेखकाला आपल्यावर भरवसा नाही' म्हणून दुखावतो. मी असे दोन चित्रपट मोडलेले पाहिले आहेत.

आणखी एक सांगतो. लेखक आपल्या दृश्याची किंमत कधी विचारत नाहीत. 'रात्र, बाहेर, पाऊस, जोतिबाची यात्रा' ही एक ओळ लिहायला काही लागत नाही. ती चित्रित करायला पाण्याचे टँकर, जनरेटर, परवानग्या आणि दोनशे माणसांचे जेवण लागते. मग शूटिंगच्या आदल्या रात्री दिग्दर्शक तो प्रसंग घरात, दिवसा आणि दोन पात्रांत उरकतो आणि लेखक म्हणतो की माझी पटकथा बिघडवली.

फुलेवाडीकर

शेड्यूलवाले, आपला दुसरा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो. माझ्या वहीत आता प्रत्येक दृश्यासमोर ठिकाण, वेळ आणि माणसांची संख्या लिहिलेली असते. महागडे दृश्य असेल तर त्याच्यावाचून गोष्ट अडते का, हे मीच स्वतःला आधी विचारतो. अडत असेल तर त्यासाठी भांडायला माझ्याकडे कारण असते.

पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र मी नम्रपणे असहमत आहे. तोच व्यापारी गुळाचे रवे विकताना वजनाची आणि दराची पट्टी लिहून घेतो, बांधकामवाला सिमेंटच्या प्रत्येक पोत्याची पावती ठेवतो. कागदाची सवय त्याला आहे, फक्त लेखनाला माल समजण्याची सवय नाही आणि ती आपणच लावलेली नाही. करार चौदा पानांचा नको हे खरे. मी आता दोन पानांचा साध्या मराठीतला मसुदा घेऊन जातो. काय लिहिणार, किती खर्डे, प्रत्येक टप्प्याला किती पैसे, पडद्यावर नाव कसे आणि कुठे येणार, चित्रपट ठरलेल्या मुदतीत झाला नाही तर कथा कोणाकडे राहणार, एवढेच त्यात असते. पैशांचे टप्पे मी चार करतो. सहीच्या वेळी, पहिल्या खर्ड्याला, शेवटच्या खर्ड्याला आणि उरलेले शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी. शेवटचा हप्ता प्रदर्शनानंतर ठेवू नये, कारण चित्रपट अडकला तर तोही अडकतो. कथा, पटकथा आणि संवाद ही तीन श्रेये वेगळी लिहावीत. माझ्या बाबतीत जे झाले ते हे तीन शब्द सुटे न लिहिल्यामुळेच झाले.

कागदोपत्री

दोन पाने पुरेशी आहेत. फक्त ती मुद्रांक कागदावर करावीत. पूर्वी शंभर रुपयांचा चालत असे, ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या राज्यात पाचशेचा लागतो. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी.

पहिला खर्डा

दादा, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. माग चालू असताना घरात सगळे ओरडूनच बोलायचे, कारण खडखडाटात काही ऐकूच यायचे नाही. पाहुण्यांना वाटायचे की आमच्यात भांडणे चालू आहेत. माग गेल्यावर आई कितीतरी दिवस तशीच ओरडून बोलत होती. त्यावरून प्रसंग पुन्हा लिहिला आहे.

'आत. स्वयंपाकघर. रात्र. पूर्ण शांतता. भांड्यांचा आवाज मोठा वाटतो. वडील आणि मुलगी जेवत आहेत. आई तव्याकडे तोंड करून मोठ्याने ओरडते : भाकरी वाढू काय आणि? वडील दचकून वर पाहतात. आई वळते. तिला आपल्या आवाजाची जाणीव होते आणि वाईट वाटते. ती हळू आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हणते. वडील मान हलवून नको म्हणतात.'

रंकाळ्याकाठी

आधीच्या माझ्या विरोधासह सांगतो, की यात एकच वाक्य आहे, तेही दोनदा, आणि ते पुरेसे आहे.

फुलेवाडीकर

ताई, हा प्रसंग आता कोणी वाचला तरी त्याला तो ऐकू येईल. फक्त 'तिला आपल्या आवाजाची जाणीव होते आणि वाईट वाटते' ही ओळ काढा. ते कॅमेऱ्याला दिसत नाही आणि पुढच्याच ओळीत ती आवाज खाली आणते तेव्हा प्रेक्षकाला ते आपोआप कळते. तसेच, वडील दचकण्याआधी एक क्षण त्यांचा हात ताटात थांबू द्या.

आणि यापुढचे प्रसंग इथे टाकू नका. हे सर्वांना दिसणारे ठिकाण आहे. संहिता जेवढी झाली आहे तेवढी या आठवड्यात नोंदवून घ्या, पावती जपून ठेवा आणि मग ती मला खाजगी निरोपातून पाठवा. मी वाचून प्रत्येक पानावर टिपणे लिहून परत देईन.